पाच रुपयांचं तिकीट आणि थांब्यावरची रांग

९ जुलै २०१९, मंगळवार. त्या दिवशी मुंबईत बेस्टच्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आलं. जुन्या ८ रुपयांत जेमतेम दोन किलोमीटर जाता यायचं, नव्या ५ रुपयांत पाच किलोमीटर. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत १० रुपये, पंधरापर्यंत १५ आणि त्याहून लांब कितीही गेलात तरी २०. वातानुकूलित बसचं किमान भाडं ६ रुपये. तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण परदेशी यांनी या कपातीचा आग्रह धरला होता. तोट्यात रुतलेल्या बेस्टला महापालिका ६०० कोटींची मदत देणार होती. त्या बदल्यात भाडं उतरवायचं आणि भाडेतत्त्वावर बस घेऊन ताफा वाढवायचा, असा तो व्यवहार होता.

कपातीआधी रोजचे प्रवासी सुमारे १७ लाख होते. काही महिन्यांत हा आकडा ३० लाखांच्या वर गेला. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल बंद झाल्या, बस अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावू लागली आणि आधीच्या आकड्यांशी तुलनाच होईना. म्हणजे या प्रयोगाचे स्वच्छ निकाल आपल्याकडे जेमतेम आठ महिन्यांचे आहेत.

मग ९ मे २०२५ रोजी किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. तोवर ताफाही ३,००० च्या खाली उतरला होता. एकाच शहरात, एकाच सेवेवर, सहा वर्षांत भाडं आधी खाली आणि मग वर, अशी दोन्ही टोकं पाहायला मिळणं दुर्मीळ. भाडं बदललं की नेमकं काय होतं हे संगणकावर तपासून पाहायचं असेल, तर याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. म्हणून मी ते घेतलं.

तीनास एकचा नियम इथे का पुरला नाही

सार्वजनिक वाहतुकीत एक जुना ठोकताळा आहे, सिम्पसन-कर्टिन नियम. भाडं ३ टक्के वाढलं की प्रवासी १ टक्का घटतात. हा अमेरिकी शहरांच्या अनुभवातून आला आणि जगभरच्या परिवहन खात्यांमध्ये रुळला. तो आपल्याकडे उलटा लावून पाहू. ८ वरून ५ म्हणजे साडेसदतीस टक्के कपात. नियमानुसार प्रवासी साडेबारा टक्के वाढायला हवेत, म्हणजे १७ लाखांचे १९ लाख. प्रत्यक्षात ३० लाखांच्या पुढे गेले.

फरक इतका मोठा का, याची काही कारणं समोरच आहेत. दोन किलोमीटरच्या पुढे बहुतेक अंतरांना कपात साडेसदतीस टक्क्यांहून मोठी होती. जानेवारी २०१९ मधल्या नऊ दिवसांच्या संपानंतर दुरावलेले प्रवासी परत येत होते. भाडेतत्त्वावरच्या नव्या बस रस्त्यावर येत होत्या. पण मला खरं कारण वेगळं वाटतं. तो नियम ‘प्रवासी’ नावाचा एकच सरासरी माणूस धरतो. मुंबईत बसच्या थांब्यावर उभा असलेला माणूस सरासरी नसतो. त्याच्या एका बाजूला शेअर रिक्षा असते, दुसऱ्या बाजूला पदपथ, आणि हातातला वेळ किती पैशांचा आहे हे प्रत्येकाचं निराळं असतं. भाड्यात तीन रुपयांचा फरक पडला की एक जण रिक्षातून उतरून बसकडे येतो आणि दुसरी चालणं सोडून बसमध्ये चढते. या दोघांना एकाच टक्केवारीत बसवलं की हाती काहीच लागत नाही.

सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावर परिस्थितीची नक्कल चालवून पाहण्याचा, उपयोग इथे होतो. त्यात सरासरी माणूस नसतो, माणसं असतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आणि बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वाढलेली ‘मॅटसिम’ ही कोणालाही वापरायला खुली असलेली संगणक प्रणाली याच तत्त्वावर चालते. संगणकात हजारो प्रवासी, प्रत्येकाचा दिवसाचा बेत: घर, काम, बाजार, घर. दिवस संपला की प्रत्येकाला गुण मिळतात. वेळेवर पोहोचल्याचे मिळतात, रांगेत ताटकळल्याचे आणि खिशातून पैसे गेल्याचे वजा होतात. दर फेरीत थोडे प्रवासी आपला बेत बदलतात, आणि तोच दिवस पुन्हा उगवतो. असे शेकडो दिवस उलटले की बदलून काही फायदा उरत नाही, आणि गर्दी आपली जागा शोधते. भाडं बदलून हा सगळा खेळ पुन्हा मांडला की नवं चित्र दिसतं.

अख्ख्या मुंबईसाठी असं मॉडेल उभं करणं एकट्याचं काम नाही. मी एकच रस्ता घेतला.

एक रस्ता, एक तास, दोन हजार माणसं

वस्तीपासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर. सकाळच्या गर्दीचा एक तास. दोन हजार माणसांना स्टेशन गाठायचं आहे. बेस्टच्या फेऱ्यांचा मोठा भाग असाच असतो, लोकलला माणसं नेऊन सोडणारा. खालचे सगळे आकडे या मॉडेलचे आहेत, मुंबईचे नाहीत. गृहीतकं मांडतो, म्हणजे कोणालाही कागदावर पडताळता येतील.

बस तासाला दहा, प्रत्येकीत साठ जण, म्हणजे सहाशे जागा. बसमध्ये दहा मिनिटं जातात, थांब्यावर सरासरी चार. शेअर रिक्षा सीटमागे १० रुपये (तेव्हा मीटरचं किमान भाडं १८ होतं), प्रवास आठ मिनिटं, थांबणं तीन. चालत सव्वीस मिनिटं, फुकट. थांबण्याचं मिनिट दुप्पट मोजलं. वाहतूक अभ्यासात तसंच मोजतात, आणि उन्हात बसची वाट पाहिलेल्या कोणालाही ते पटेल.

माणसं दोन प्रकारची, हजार-हजार. एका गटाचं मिनिट पन्नास पैशांचं, म्हणजे तासाला तीस रुपये. घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावर काम शोधणारे, दुकानात हाताखाली असणारी पोरं. दुसऱ्या गटाचं मिनिट दीड रुपयाचं: ऑफिसात दहाला पंच होणारे. पहिल्यांना मी पन्नास पैसेवाले म्हणेन, दुसऱ्यांना दीड रुपयावाले.

प्रत्येक पर्यायाची एकूण किंमत म्हणजे भाडं अधिक वेळेचे पैसे. पन्नास पैसेवालीला चालणं १३ रुपयांना पडतं, रिक्षा १७ ला, आणि ८ रुपयांची बसही १७ लाच. म्हणून ती बहुधा चालते. दीड रुपयावाल्याला चालणं ३९ ला पडतं, रिक्षा ३१ ला, बस ३५ ला. तो बहुधा रिक्षा पकडतो. ‘बहुधा’ महत्त्वाचं आहे. माणसं काटेकोर हिशेब करत नाहीत. पाऊस असतो, ओळखीचा रिक्षावाला असतो, चप्पल तुटलेली असते. म्हणून महाग पर्यायही काही जण निवडतात. किंमत जितकी जास्त तितके कमी. या ढिलाईसाठी मॉडेलमध्ये एक आकडा असतो. मी तो पाच रुपये धरला, म्हणजे किंमत पाच रुपयांनी वाढली की त्या पर्यायाचं वजन (इतर पर्यायांच्या तुलनेत तो निवडला जाण्याची शक्यता) साधारण एक तृतीयांश उरतं. या आकड्याकडे नंतर येतो, कारण सगळं त्यावर टांगलेलं आहे.

८ रुपये भाडं असताना बसमध्ये ५०९ जण येतात: पन्नास पैसेवाले २३७, दीड रुपयावाले २७२. उत्पन्न ४,०७२ रुपये.

आता भाडं ५ केलं. पहिल्या वेळी मी रांग मोजलीच नव्हती. बसमध्ये कितीही माणसं मावतात असं धरलं होतं. प्रवासी ७६६ झाले, म्हणजे निम्म्याने वाढले. उत्पन्न ३,८३०. सहा टक्के तोटा आणि निम्म्याने जास्त माणसं! कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की कुठल्याही बैठकीत मंजूर व्हावं.

पण जागा सहाशेच आहेत.

रांग मोजल्यावर

बस भरली की उरलेली माणसं थांब्यावर राहतात, पुढची बसही भरलेली येते, आणि थांबण्याची मिनिटं वाढत जातात. ती इतकी वाढतात की काही जण कंटाळून रिक्षाकडे वळतात आणि बसची मागणी सहाशेवर येऊन टेकते. मॉडेलमध्ये हे व्हायला फार वेळ लागत नाही: सरासरी थांबणं चार मिनिटांवरून पाचच्या जवळ गेलं की पुरे. सहाशे प्रवासी, पाच रुपये, उत्पन्न ३,०००. तोटा सहा टक्के नव्हे, सव्वीस टक्के.

एवढंच असतं तर गोष्ट साधी होती: बस नाहीत तर भाडं कमी करू नका. मी आकडे गटवार फोडले तेव्हा थांबलो.

कपातीआधी पन्नास पैसेवाले २३७ होते, आता ३२०. दीड रुपयावाले २७२ होते, आता २८०.

म्हणजे नव्या जागा जवळपास सगळ्या पन्नास पैसेवाल्यांना मिळाल्या. कारण साधं आहे. भाड्यातले तीन रुपये दोघांनाही सारखेच वाचतात. रांगेतलं एक जादा मिनिट मात्र एकीला एक रुपयाला पडतं (दुप्पट मोजल्यामुळे) आणि दुसऱ्याला तीन रुपयांना. स्वस्त तिकिटाने त्याला जे दिलं ते रांगेने परत घेतलं, म्हणून तो होता तिथेच राहिला. तिच्याकडून मात्र रांगेने तिसरा हिस्साच घेतला, उरलेला तिच्याकडे राहिला. तिकिटाची किंमत थांब्यावर येऊन मिनिटांत वसूल होते, आणि ज्याचं मिनिट स्वस्त त्याला ती परवडते.

मग उलटा प्रयोग केला. भाडं ८ च ठेवलं आणि तासाला दहाऐवजी तेरा बस सोडल्या. थांबणं चार मिनिटांवरून तीनच्या आसपास उतरलं. प्रवासी ६६२, उत्पन्न ५,२९६. प्रवासी भाडेकपातीपेक्षा जास्त आले आणि उत्पन्न घटायच्या ऐवजी वाढलं! तीन जादा फेऱ्यांचा खर्च यातून वजा करायचा आहे, हे खरं. पण गटवार पाहिलं तर दीड रुपयावाले ३९१ आणि पन्नास पैसेवाले २७१. जादा बसचा फायदा मुख्यतः ऑफिसवाल्यांना झाला. तेरा बस आणि ५ रुपये, दोन्ही एकत्र केलं, तर प्रवासी ७८०: पन्नास पैसेवाले ३६५, दीड रुपयावाले ४१५. बस पुन्हा गच्च आणि थांबणं पुन्हा चार मिनिटांच्या जवळ. तीन बस वाढवून थांबणं तीन मिनिटांवर यायला हवं होतं. वाढलेली जागा नव्या प्रवाशांनी भरून काढली.

भाडं कमी करावं की बस वाढवाव्यात हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, आणि दोन्ही बाजू प्रवासीसंख्येचा एकच आकडा पुढे करून भांडतात. या छोट्या मॉडेलने मला दाखवलं की हे एकाच प्रश्नाचे दोन पर्याय नाहीत. भाडं एका माणसाला पोहोचतं, फेरी दुसऱ्याला. कोणाला बसमध्ये आणायचं हे आधी ठरवल्याशिवाय ‘किती प्रवासी वाढतील’ विचारणं निरर्थक आहे.

पाच किलोमीटरचा उंबरठा

एक गोष्ट मी शोधायला गेलो नव्हतो. मॉडेलचा रस्ता लांबवून पाहिला तेव्हा ती दिसली. २०१९ च्या रचनेत पाच किलोमीटर ओलांडले की भाडं ५ वरून थेट १० होतं. आता जिचं ठिकाण पाच किलोमीटरच्या पुढे तीनशे मीटरवर आहे, ती काय करेल? तीनशे मीटर म्हणजे चार मिनिटं. पन्नास पैसेवालीला ती चार मिनिटं दोन रुपयांची आहेत आणि वाचतात पाच. ती एक थांबा आधी उतरते. दीड रुपयावाल्याला तीच चार मिनिटं सहा रुपयांची, तो बसून राहतो. मॉडेलमध्ये टप्प्याच्या अलीकडच्या थांब्यावर उतरणाऱ्यांची गर्दी झाली आणि पलीकडचा थांबा ओस पडला. जुन्या दोन-दोन किलोमीटरच्या टप्प्यांत अशा पायऱ्या जास्त होत्या, पण बहुतेक पायऱ्या लहान. कमी आणि मोठ्या टप्प्यांनी हिशेब सोपा होतो, पण उंबरठ्याजवळ राहणाऱ्यांवर ओझं पडतं. टप्पे ठरवताना त्या थांब्यांजवळ कोणत्या वस्त्या आहेत हे पाहायला हवं.

मॉडेलमध्ये न मावलेली एक गोष्टही सांगतो. ८ रुपये म्हणजे पाचाचं नाणं आणि तीन सुटे, किंवा दहाची नोट आणि कंडक्टरकडून दोन परत. ‘सुट्टे द्या, सुट्टे’ हे वाक्य मुंबईच्या बसमध्ये ज्याने ऐकलं नाही असा माणूस नसेल. ५ रुपये म्हणजे एक नाणं. हात पुढे, नाणं, तिकीट, बस्स. गर्दीच्या बसमध्ये कंडक्टर मागून पुढे सरकतो तेव्हा प्रत्येक तिकिटामागे वाचलेली ती दोन-चार सेकंदं मला प्रत्यक्ष पाहून माहीत आहेत. पण त्यांना रुपयात कसं बसवायचं ते जमलं नाही, म्हणून ती हिशेबाबाहेर राहिली.

त्या पाच रुपयांच्या आकड्याविषयी

ढिलाईचा आकडा मी पाच धरला होता. तो दहा केला, म्हणजे माणसं किमतीकडे कमी लक्ष देतात असं मानलं, तर रांग न मोजता भाडेकपातीने होणारी प्रवासीवाढ ५० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर येते. एवढा फरक! म्हणून एकच आकडा घेऊन ‘सिम्युलेशनने सिद्ध झालं’ असं कोणी सांगू लागलं, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारावा: हा आकडा कुठून आणला? योग्य रीत एकच. मॉडेलला आधी झालेला बदल चालवायला द्यायचा, म्हणजे जुलै २०१९ ची कपात, आणि त्या मार्गावरच्या तिकीट मशीनमधली खरी वाढ निघेपर्यंत आकडा जुळवायचा. मगच त्याला पुढचं विचारायचं. दहा धरल्यावरही एक गोष्ट बदलली नाही: फेऱ्या वाढल्या की दीड रुपयावाल्यांची वाढ मोठी, आणि जागा तेवढ्याच ठेवून भाडं उतरवलं की पन्नास पैसेवाले त्यांची जागा घेतात. आकडे हलले, दिशा हलली नाही. मी जे म्हणतो आहे ते त्या दिशेच्या जोरावर.

२०२५ चालवून पाहिलं

शेवटी त्याच रस्त्यावर मे २०२५ मांडला. भाडं १० रुपये, तासाला दहाऐवजी आठ बस, म्हणजे ४८० जागा आणि थांबणं पाच मिनिटं. रिक्षाचं मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ झालं आहे, म्हणून शेअर सीट १५ धरली. मिनिटाचे पैसे मात्र २०१९ चेच ठेवले. मजुरी तेव्हापासून वाढली आहे, त्यामुळे खालचं चित्र खऱ्याहून थोडं काळं आहे हे लक्षात ठेवावं.

प्रवासी ४००, उत्पन्न ४,०००. पाच रुपयांच्या, दहा बसच्या दिवसांत हेच उत्पन्न ३,००० होतं. जमाखर्चाच्या वहीत हा सुधार आहे: दोन बस कमी आणि हजार रुपये जास्त.

पण पन्नास पैसेवाल्या हजारांपैकी बसमध्ये १७५ उरले. चालणारे शंभरात ४७ होते, ते ७१ झाले. दोन बस परत आणल्या आणि भाडं १० च ठेवलं तर एकूण प्रवासी ५५१ होतात, उत्पन्न ५,५१०, पण चालणाऱ्यांचा आकडा ७१ वरून ६८ वरच येतो. याउलट आठच बस ठेवून भाडं ५ केलं तर उत्पन्न २,४०० वर घसरतं, थांबणं सात मिनिटांवर जातं, आणि चालणारे ६२ होतात.

तिकीट मशीनला यातलं काहीच दिसत नाही. ज्याने तिकीट काढलं तो दिसतो; जी सकाळी सातला डबा आणि छत्री घेऊन पदपथाने सव्वीस मिनिटं चालत स्टेशनला गेली, तिची नोंद कुठेच होत नाही. म्हणून पुढच्या मांडणीसाठी मी पहिलं काम हे ठरवलं आहे: त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून चालणाऱ्यांची मोजणी करायची. एकदा मे महिन्यात, आणि एकदा जुलैमधल्या भर पावसात.